निजलेलं पाणी

आमच्या काटोलच्या घरात दिवस उजाडायचा तो पाणी फेकल्याच्या आवाजानं. आई उठली की आधी माठ आडवा करायची. कालचं पाणी पपईच्या बुडाशी जायचं, माठ नारळाच्या शेंडीनं आतून-बाहेरून घासला जायचा, आणि ताजं पाणी भरल्याशिवाय चुलीत काडी पेटायची नाही. शाळेत थोडंफार विज्ञान शिकल्यावर मी तिला एकदा सांगून पाहिलं, की एका रात्रीत पाणी खराब होत नाही. ती म्हणाली, "खराब नसन होत वं. पण शिळं तं होते ना?"

तिच्या या हट्टामागं काय होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची तिच्या माणसांना मुभा नव्हती. घागर खाली ठेवून उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर पाणी. मिळेल ते दोन-दोन दिवस पुरवायचं. आमचं घर बौद्ध झालं, पुढं आम्ही काटोलला आलो, वडील संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायच्या कामाला लागले, आणि वस्तीत आमची सगळ्यांची विहीर झाली. तेव्हापासून रोज सकाळी कालचं पाणी ओतून देणं हा आईचा थाट होता. दुसरा कोणताही थाट तिनं आयुष्यात केला नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. नागपूरला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न होता. काटोलच्या शाळेतल्या आमच्या बाईंनी तो सोडवला. त्यांच्या ओळखीची एक नर्स नंदनवनात नवऱ्यासोबत राहत होती, मागची खोली रिकामी होती. नंदनवनात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. काका रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. मुलं मुंबईला. मी त्या दोघांना काका-काकू म्हणू लागले आणि तीन वर्षं त्यांच्या छपराखाली राहिले. त्या खोलीनं मला पदवीधर केलं असं मी आजही मानते.

पहिल्या दिवशीच मी भाबडेपणानं विचारलं होतं, "काकू, तुम्ही कोणते?" काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, पण घरात एकही देव नाही, आणि दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी ठोकलेली, जिला येता-जाता हात लावून बोटं ओठांशी नेत.

"आम्ही इस्राएली," काकू म्हणाल्या. "ज्यू. आमचं मूळ अलिबागकडचं. तिकडं आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. तेलाचा घाणा चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो."

"आता घाणा गेला," काका म्हणाले, "शनिवार तेवढा राहिला."

त्यांचा मोठा सण उन्हाळ्याच्या तोंडाशी यायचा, पुनवेला. इजिप्तच्या राजाच्या गुलामीतून त्यांचे पूर्वज सुटले त्याची आठवण. मराठीत त्याला वल्हांडण म्हणतात. सुटताना इतकी घाई झाली की पीठ आंबायला वेळ मिळाला नाही, तशीच भाकर भाजून निघाले. म्हणून या सणाचे आठ दिवस घरात आंबलेलं, फुगलेलं, खमीर असलेलं काही चालत नाही. पाव नाही, बिस्कीट नाही, आपली रोजची पोळीसुद्धा नाही. गव्हाची खायची ती बेखमीर भाकर. भात मात्र चालायचा, आणि त्याबद्दल काका दरवर्षी देवाचे आभार मानायचे.

सणाआधी ते घर नव्यानं जन्माला यायचं. चुन्याचे दोन हात भिंतींवर फिरायचे. तांब्या-पितळेची सगळी भांडी अंगणात निघायची आणि कल्हईवाला भाता घेऊन बसायचा. नवसागराचा पांढरा धूर उठला की मी पुस्तक टाकून बाहेर यायचे. काळं पडलेलं पातेलं चांदीसारखं होऊन हातात येई तेव्हा काकूंचं तोंडही तसंच उजळे. सणापुरती वेगळी असलेली भांडी पेटीतून निघत. तवा लाल होईपर्यंत तापवला जाई. मसाल्याच्या डब्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं उन्हात. बाजारातून नवा माठ यायचा.

माझ्या शेवटच्या वर्षी या सगळ्यात एक भर पडली. दरवर्षी बेखमीर भाकरी मुंबईहून यायच्या. काकांचा एक भाऊबंद गाडीनं आणून पोचवायचा. त्या वर्षी तो आजारी पडला. सणाला चार दिवस उरले आणि भाकरी येणार नाहीत असं कळलं.

नागपुरात त्यांच्या समाजाची घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. त्यांतली दोन कुटुंबं, एक कामठीचं आणि एक अजनीकडचं, सणाच्या पहिल्या रात्री काकूंकडे जेवायला यायची होती. सगळं असलं आणि ती भाकर नसली तर त्या ताटाला सणाचं ताट म्हणता येत नाही, असं काकूंनी मला सांगितलं.  मग म्हणाल्या, "माझी सासू गावी स्वतः भाजायची. मी भाजीन."

मग घराला वेगळाच जोर चढला. गहू कोरडेच निवडले, ओला हातसुद्धा लावला नाही. गिरणीत कुणाचं ओलं दळण आधी पडलं असेल कुणास ठाऊक, म्हणून घरच्या जात्यावर दळायचं ठरलं. जात्याच्या एका बाजूला काकू, एका बाजूला मी. काका पीठ गोळा करायला. पाण्याचा थेंब पिठाला लागला की त्या क्षणापासून अठरा मिनिटांत भाकर तव्यावरून उतरायला हवी, नाहीतर ते खमीर झालं असं धरायचं.

"अठरा मिनिटं," काका म्हणाले. "मी अख्खी नोकरी मिनिटांवर काढली. ते माझ्याकडे."

"तुमच्या गाड्या वेळेवर पोचायच्या?" काकूंनी विचारलं.

"सुटायच्या वेळेवर. पोचणं ड्रायव्हरच्या हातात."

आणि पाणी. पाण्याचा नियम मला सगळ्यांत नवलाचा वाटला. भाकरीचं पाणी आदल्या दिवशी सूर्य मावळता मावळता काढायचं, फडक्यानं गाळायचं, झाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. ताजं काढलेलं चालत नाही. काकू म्हणायच्या, "पाण्याला एक रात्र निजू द्यावं लागतं." या दिवसांत विहिरीचं पाणी रात्री जमिनीच्या पोटात ऊब धरून असतं, अशी जुन्या लोकांची समजूत. उबदार पाण्यात पीठ लवकर चढतं. बाहेर काढून एक रात्र ठेवलं की ते शांत होतं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी अंगणातल्या विहिरीचं पाणी काढलं. नव्या माठात गाळून भरलं, पांढरं फडकं बांधलं आणि मागच्या पडवीतल्या गार कोपऱ्यात ठेवलं. तिथून हलताना त्यांनी माठाकडे असं पाहिलं, जसं नुकत्याच झोपलेल्या लेकराकडे पाहतात.

त्यानंतर तासाभरानं आई आली.

माझी परीक्षा तोंडावर होती, म्हणून ती काटोलच्या बसनं मला बघायला आली होती. डोक्यावर मृग बहाराच्या शेवटच्या संत्र्यांची टोपली. वाटेत नंदनवनाजवळच्या आमच्या लोकांच्या वस्तीत एका नातलगाकडे डोकावून आली होती. काकूंबद्दल तिच्या मनात इतकं होतं की त्यांच्यासमोर तिला बसवायला दरवेळी हाताला धरावं लागे. त्या रात्री काकांनी घरभर मेणबत्ती घेऊन उरलंसुरलं खमीर शोधलं. तशी रीतच आहे. आई थक्क होऊन मागं-मागं फिरत होती.

"लाईट हाय तं मेणबत्ती काहून?" तिनं विचारलं.

"लाईट वाकून पाहत नाही ताई," काका म्हणाले. "मेणबत्ती पलंगाखाली जाते."

माझ्या खोलीला तो नियम लागू नव्हता. काकूंनी सांगितलंही, "तू तुझं काय खायचं ते खा." पण मला मागं राहायचं नव्हतं. काका आत आले आणि माझं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उलटं धरून झटकलं. त्यातून ग्लुकोज बिस्किटाचा एवढा चुरा पडला की काकू दारात उभ्या राहून हसत सुटल्या.

"शिकून राहिली का खाऊन राहिली वं?" आई म्हणाली.

काकांनी तो चुरा पिसानं लाकडी चमच्यात गोळा केला. सकाळी सगळ्यासोबत तो जाळायचा होता. आम्ही आनंदात झोपलो. माठाबद्दल आईला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. पाणी ती येण्याआधीच भरून झालं होतं.

सकाळी मला जाग आली ती ओळखीच्या आवाजानं. क्षणभर वाटलं आपण काटोललाच आहोत. मग मी धडपडून पडवीत गेले. माठ जागेवर होता. फडकं बांधलेलं होतं. त्यावरचे पाण्याचे शिंतोडे ताजे होते, आणि अंगणातला मोगरा बुडापाशी भिजून काळा झाला होता.

काकू स्वयंपाकघरातून कोरी परात घेऊन बाहेर आल्या. आई पदराला हात पुसत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी क्वचित पाहिलं होतं.

"बाई, आज तुमचा सण," ती म्हणाली. "तुमाले आराम पडावा म्हणून मी शिळं पाणी मोगऱ्याले टाकलं. माठ घासला. ताजं भरून ठेवलं."

काकूंनी माठाकडे पाहिलं. मग आईकडे. मग त्या हळूच पाटावर बसल्या, परात मांडीवर घेऊन.

"बरं केलंत ताई," त्या म्हणाल्या. "मी चहा टाकते."

पण त्या उठल्या नाहीत. काका दारात आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काय झालं? बाईचा चेहरा काहून उतरला?"

काकूंनी मला डोळ्यांनी नको म्हटलं. पण आईपासून लपवणं मला जमलं नसतं. मी सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मुद्दाम शिळं केलं व्हतं?"

"पाणी झोपलं होतं ताई, तुम्ही उठवलंत," काका म्हणाले. त्यांना तिला हसवायचं होतं. "आता परत झोपवायचं तर संध्याकाळ व्हायला पाहिजे. आणि संध्याकाळी तर सणच."

भाकर दुपार व्हायच्या आत भाजून व्हायला हवी होती. मी काकूंना म्हटलं, "हे पाणीही गारच आहे. हात लावून बघा."

"गार आहे," काकू म्हणाल्या. "पण सांगितलंय एक रात्र. मला गार वाटलं म्हणून ती रात्र होत नाही, पोरी."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर आईला बरं वाटलं असतं. ती मोगऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, जणू पाणी परत मागते आहे.

काका म्हणाले, "शेजारी विचारतो. काल संध्याकाळचं पाणी कुणाकडे तरी असेलच." मी त्यांच्यासोबत निघाले. आता वाटतं, त्या सकाळी नंदनवनात आम्ही जे विचारत फिरलो ते कुणाच्या घरी जाऊन विचारू नये.

पहिल्या घरी एक मास्तरीणबाई राहायच्या. काकांनी आदबीनं विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे शिळं पाणी आहे का?"

त्यांनी पदर सावरला. "आमच्याकडे? शिळं? काका, पहाटे पाचला आमचे सगळे माठ धुऊन पालथे असतात."

"तसं नाही वहिनी. असतं तर फार उपकार झाले असते."

"बघा की. आत येऊन बघा. एक थेंब सापडला तर सांगा." त्यांनी खरंच आम्हाला आत नेऊन सगळी भांडी दाखवली. काका प्रत्येक रिकाम्या घागरीकडे पाहून निराश होत होते आणि त्या प्रत्येक घागरीगणिक ताठ होत होत्या.

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरच्या बाईंनी आधी नाही म्हटलं, मग गल्लीत कुणी नाही असं पाहून हळूच सांगितलं, "आंघोळीच्या पिपात आहे थोडं. पण कुणाला सांगू नका." काकांनी हात जोडले आणि आम्ही परत फिरलो.

"एवढी स्वच्छ वस्ती," काका वाटेत म्हणाले. "आज पहिल्यांदा मला तिचा राग आला."

घरी आलो तर आई पडवीच्या पायरीवर बसली होती. आमचे रिकामे हात तिनं पाहिले.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमाले पाणी काल सांजचंच पायजे ना? मंग मी पाह्यलं ना पाणी भरताना. काल बसवरून येता-येता. आपल्या पोरायनं प्याऊसाठी नवे रांजण आणले. दिवे लागायच्या आधी भरून राहिले व्हते."

एप्रिलातली जयंती जवळ आली होती. दरवर्षी त्या दिवसांत वस्तीतली आमची मुलं मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी कडुनिंबाखाली गवताचं छप्पर घालून प्याऊ लावायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाणी.

काकू उभ्या राहिल्या. "नवे रांजण? कोरे?"

"कोरे. पण बाई, नव्या रांजणाचं पयलं पाणी ठेवत नाहीत. मातीचा वास येते. सकाळी फेकतात."

 काकूंनी माठातलं ताजं पाणी विहिरीच्या कठड्याबाहेर ओतलं, माठ काखेत घेतला, खुंटीवरची काळी छत्री ओढली आणि चालू लागल्या. दवाखान्यात घंटा वाजल्यावर जशा जायच्या तशा. आई त्यांच्या पुढं धावत होती. मी आणि काका मागं.

कडुनिंबाखाली वाळूत चार रांजण अर्धे पुरले होते. वर निळ्या पताका. दोन रांजण आधीच उपसून झाले होते, रस्त्यावर ओल पसरली होती. दोन पोरं तिसऱ्यात बादली घालणार एवढ्यात आई दुरूनच बोलली, "थांबा गा पोरंहो. फेकू नका."

"काहून मावशी? मातकट पाणी हाय."

"मातकटच पायजे."

बाजेवर बसलेला म्हातारा उठून उभा राहिला. कापडगिरणीतून निवृत्त झालेला, प्याऊ त्याच्याच देखरेखीखाली असायची. "कोणाले पायजे?" त्यानं विचारलं.

काकू पुढं झाल्या. त्यांना दम लागला होता. "बाबा, हे काल कधी भरलं?"

"दिवस बुडाच्या टायमाले."

"रात्री यात कुणी पेला बुडवला? भाकरीचा हात लागला?"

"फडकं बांधून व्हतं. मी इथंच झोपलो व्हतो."

"मग हे मला देता का?"

म्हातारा हसला. "बाई, ही प्याऊ हाय. इथं मागा नाही लागत. घ्या अन् प्या."

"असं नाही चालत बाबा," काकू म्हणाल्या. "माझ्या सणाच्या भाकरीत जे पडतं ते माझं असावं लागतं. न विचारता उचललेलं चालत नाही. तुम्ही दिलं म्हणा."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा गमछा काढला, झटकला आणि परत टाकला. तो पोरांकडे वळला आणि सावकाश म्हणाला, "ही बाई आपल्याले पाणी मागून राहिली."

पोरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. ती विशीतली होती. पण मी आईकडे पाहिलं. ती रांजणाच्या काठावर हात ठेवून उभी होती आणि खाली वाळूकडे पाहत होती.

"दिलं," म्हातारा म्हणाला. "दिलं म्हणतो. रांजणासकट दिलं."

"रांजण नको देऊ गा बुढ्या," एक पोरगा म्हणाला. "आपल्याले उद्या लागते."

सगळे हसले. काकूसुद्धा. मग त्यांनी स्वतः फडक्यातून गाळून माठ भरला. आईनं पदराची चुंबळ केली आणि कुणी काही म्हणायच्या आत माठ डोक्यावर घेतला.

ऊन आता तापायला लागलं होतं. या पाण्यावर ऊन पडू द्यायचं नसतं. काकूंनी छत्री उघडली आणि आईच्या शेजारून चालत, हात उंच करून माठावर धरली. नंदनवनच्या रस्त्यानं आमची वरात निघाली. पुढं काका, लोकांना बाजूला करत. मध्ये माठ घेतलेली आई आणि छत्री धरलेली काकू. मागं मी. मास्तरीणबाई गॅलरीत येऊन बघत राहिल्या.

आई ओशाळली होती. "बाई, तुमचा हात दुखन. माह्याकडे द्या छत्री."

"तुम्ही माठ सांभाळा. छत्री पाण्यासाठी आहे."

"मले मालूम हाय," आई म्हणाली. "पण सावली माह्यावरच पडून राहिली ना."

काकू वाटेतच थांबून हसल्या, आणि काकांना मागं वळून ओरडावं लागलं की पाणी हिंदकळतंय.

घरी पोचल्यावर काकूंनी कामं वाटून दिली. पिठाला हात फक्त त्यांचा. ज्यांचा सण त्यांनीच ही भाकर करायची असते. आईकडे चूल. माझ्याकडे काटा, भाकरीला भोकं पाडून त्यांच्या हातात द्यायला. काकांनी घड्याळ समोर ठेवलं आणि पेटीतून रेल्वेची जुनी शिट्टी काढली.

"पाणी पडलं की शिट्टी," ते म्हणाले. "परत शिट्टी वाजेल तेव्हा तव्यावर काही दिसलं तर गाडी रद्द."

शिट्टी वाजली. काकूंनी पाणी ओतलं आणि त्यांचे हात असे चालले की मला पिठाचा रंग बदललेला दिसला, मळताना दिसलंच नाही. लाटलं, मी टोचलं, त्यांनी तव्यावर टाकलं. आईनं चूल अशी धरली होती की जाळ ना कमी ना जास्त. पहिली भाकर उतरली, कडक, सपाट, डागांची. आईनं ती पाहिली आणि तिचं तोंड पडलं.

"फुगली नाही," ती मला हळूच म्हणाली. "बिघडली का वं?"

"फुगायलाच नको ताई," काकू तव्यावरून मान न उचलता म्हणाल्या.

"फुगली नाही तं चांगली?"

"फुगली नाही तर चांगली."

"आमच्या इकडे अशा भाकरीवर सासू बोलली असती."

"माझी सासू फुगलेलीवर बोलायची."

आईनं चुलीत एक काडी सारली. मग प्रत्येक भाकर उतरली की ती मोठ्यानं सांगू लागली, "नाही फुगली. हेही नाही फुगली." दर भाकरीला तिचा आवाज चढत गेला. असे चार वेळा पाण्याचे आणि शिट्टीचे खेळ झाले. शेवटच्या वेळी शिट्टी वाजली तेव्हा तवा रिकामा होता. काकूंनी टोपलीवर फडकं टाकलं, कपाळाचा घाम मनगटानं पुसला आणि तशाच पिठाच्या हातांनी आईचे दोन्ही खांदे धरले. आईच्या लुगड्यावर पिठाचे दोन पंजे उमटले. ते तिनं काटोलला जाईपर्यंत झटकले नाहीत.

त्या संध्याकाळी आई परतीची बस पकडायला निघाली होती. काकू वाटेत उभ्या राहिल्या. "पाणी तुम्ही आणलंत. तुम्ही बसायचं."

दोन्ही कुटुंबं आली. पांढऱ्या चादरीवर ताटं मांडली. मिठाचं पाणी, कडू पाला, खजुराचा घट्ट रस, भाजलेलं हाड, उकडलेलं अंडं, आणि मध्ये फडक्याखाली भाकरी. काकांनी आधी त्यांच्या प्रार्थनेच्या हिब्रू भाषेत म्हटलं, मग आमच्यासाठी मराठीत अर्थ सांगितला: ही गुलामीत खाल्लेली भाकर आहे, भुकेला असेल त्यानं यावं, आमच्यासोबत खावं. पुढं सगळी गोष्ट आली. राजा, विटा, समुद्र. आई गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. लोक सुटून वाळवंटात गेले इथवर आल्यावर तिनं विचारलं, "मंग पाणी कोठून भेटलं त्यायले?"

कामठीचे पाहुणे तिच्याकडे पाहू लागले. काका म्हणाले, "बरोबर विचारलंत. खडकातून निघालं."

"खडकातून," आई म्हणाली आणि मान हलवली. तिला त्यात अशक्य काही वाटलं नाही.

काकूंनी भाकर मोडली. तिचा तो कुरकुरीत आवाज अजून कानात आहे. पहिला घास घेऊन त्या थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मातीचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

आई दचकली.

"थांबा," काकू म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. "माझ्या सासूच्या भाकरीला असाच यायचा. ती पण कोरं मडकं घ्यायची. मी विसरूनच गेले होते."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला दोन भाकरी घेऊन प्याऊवर पाठवलं. म्हाताऱ्यानं एक हातात घेऊन बोटानं वाजवून पाहिली. "पोरी, ही भाकर हाय का खापर?" त्यानं विचारलं. मग पेल्यात बुडवून सगळी खाल्ली.

जूनमध्ये माझा निकाल लागला. काकूंनी पेढे वाटले आणि आमच्या शाळेतल्या बाईंना स्वतः जाऊन सांगितलं. मला नागपुरातच शाळेत नोकरी मिळाली आणि मागची खोली आणखी काही वर्षं माझी राहिली.

पुढच्या वर्षी मुंबईच्या भाकरी वेळेवर येणार होत्या. काकूंनी नको म्हणून कळवलं. सणाच्या आदल्या दुपारी आई काटोलहून हजर. या वेळी संत्र्यांच्या टोपलीसोबत काखेत वळकटी होती. दिवस मावळताना काकूंनी पाणी काढलं, गाळलं, नवा माठ भरला, फडकं बांधलं. काकांनी मेणबत्ती घेऊन माझी पुस्तकं झटकली. झोपायची वेळ झाली तेव्हा आईनं वळकटी उचलली आणि माझ्या खोलीत न येता पडवीत गेली. माठाच्या बाजूला तिनं अंथरूण टाकलं.

"ताई, इथं डास चावतील," काकू म्हणाल्या. "आत झोपा."

"चावू द्या," आई म्हणाली. "माह्या हाताची सवय मले मालूम हाय. सकाळी उठल्याबरोबर तो माठाकडेच जाते. इथं असली तं त्याले पकडता येईन."

आणि तिनं उजवा हात स्वतःच्या डोक्याखाली दाबून घेतला, पदर ओढला, आणि माठाकडे पाठ करून निजली.